कॉर्न कॉब पाईप 'ओढा आणि फेका' म्हणणाऱ्यांना उत्तर

एक सल्ला गेली कित्येक वर्षं तसाच्या तसा फिरतोय आणि नवीन माणूस हमखास त्याला बळी पडतो. सल्ला असा, की कॉर्न कॉब पाईप (मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा, तंबाखू ओढायचा पाईप) म्हणजे स्वस्तातला माल, दहा-पंधरा वेळा ओढला की आतून जळतो, मग फेकून द्यायचा, त्याच्यावर घरी काम करणं म्हणजे वेळेची नासाडी. आणि करायचंच असेल तर आतून मधाचा लेप द्या, बाहेरचं फिनिश पार खरवडून काढा आणि फिल्टर कधीच काढू नका. शेवटी एक पुस्ती, की कणीस नैसर्गिक असल्यामुळे धूरही निर्धोक. यातलं जवळपास सगळं चूक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात आधी 'जळतोच' हा मुद्दा, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माझाही पहिला कॉब जळला होता, तळाला काळा डाग बाहेरपर्यंत आला, तेव्हा फेकण्याऐवजी मी तो बारीक करवतीने उभा चिरला आणि काय झालंय ते बघितलं. भिंती चांगल्या होत्या, अगदी शाबूत. बिघडलं होतं ते तळाशी. स्वस्त मॉडेलमध्ये लाकडी दांडी कणसाच्या भिंतीतून आरपार आत घुसवलेली असते, तिचं टोक बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, थोडं पुढे आलेलं असतं, आणि त्या टोकाच्या खाली एक खोलगट जागा उरते. माझ्या पाईपमध्ये ते टोक कोळसा झालं होतं आणि खालच्या खोलगटीत अर्धवट जळलेली ओली तंबाखू गच्च बसली होती. खाली कणसाचा मऊ गाभा, वर ओल, त्याच्यावर निखारा, मग दुसरं काय होणार. पहिल्या काही वेळी जी कडवट जळक्या लाकडाची चव येते ना, ती कणसाची नसते, त्या टोकाची असते. म्हणजे 'कॉब जळतो' असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्या तळाची एक जागा जळते आणि ती जागा अर्ध्या तासाच्या कामात आधीच नीट करून ठेवता येते.

कशी, ते सांगतो. पाईप न ओढलेला असतानाच बारीक गोल कानस घेऊन आतलं टोक भिंतीच्या जवळपास बरोबरीत आणायचं, घाई करायची नाही, आणि दांडी हलवून बाहेर ओढायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही, ती एकदा सैल झाली की हवा बाजूने गळते आणि मग कितीही चिकटवा, पहिल्यासारखी बसत नाही. मग सिगारची राख चाळून घ्यायची, त्यात थेंब थेंब पाणी घालून घट्ट चिखल करायचा (पाईपवाले त्याला मडच म्हणतात), आणि तो तळाच्या खोलगटीत धुराच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत दाबून बसवायचा. भोकातून आधी पाईप क्लीनर (पाईप साफ करायची केसाळ तार) घालून ठेवायचा, नाहीतर ते बुजतं. काही मॉडेलमध्ये तळाला कठीण लाकडाचं बूच असतं, तिथे मड थोडाच लागतो.

दुसरं, मधाचा लेप. हे कृपा करून करू नका. मध म्हणजे साखर, ती तापली की आधी चिकट होते मग करपते, आणि कणीस सच्छिद्र असल्यामुळे चिकटपणा भिंतीत मुरतो, ओल सुकू देत नाही. कॉब गोड आणि कोरडा लागतो तो याच ओल शोषून परत सुकण्याच्या गुणामुळे, आणि आपण नेमका तोच बंद करतो. काही जण तर आतून इपॉक्सी नाहीतर वुड फिलर लावतात. जिथे निखारा असतो तिथे असल्या गोष्टी लावून त्यांचा धूर छातीत घ्यायचा, हे मला भयंकर वाटतं.

तिसरं, बाहेरचं फिनिश खरवडणं. इथे थोडा इतिहास कामाला येतो. अमेरिकेत मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी हेन्री टिब्बे नावाचा डच लाकूडकाम करणारा होता, 1869 मध्ये एका शेतकऱ्याच्या सांगण्यावरून त्याने लेथवर कणसाचा पाईप करून दिला, मग धंदाच त्याचा झाला. 1878 मध्ये त्याने पेटंट घेतलं ते कशाचं, तर कणसाच्या बाहेरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून गुळगुळीत करण्याच्या पद्धतीचं. मीरशॉम या पांढऱ्या हलक्या खनिजाचे पाईप तेव्हा भारी समजले जायचे, त्यावरून त्याने आपल्या पाईपला 'मिसुरी मीरशॉम' म्हटलं. मुद्दा काय, तर गुळगुळीत फिनिशच्या पाईपवरचा तो थर नुसत्या शोभेचा नाही, दाणे निघालेल्या खाचा त्यानेच भरलेल्या असतात. पूर्ण घासलात तर खाचा उघड्या पडतात आणि भिंत तेवढ्या जागी पातळ होते. चमक नको असेल तर 400 नंबरच्या सँडपेपरने हलकं घासा, रंग बदलायचा तर बदला, वर थोडं मेण चोळा, बास. घासताना मास्क मात्र लावा, ती धूळ बारीक असते.

फिल्टरबद्दल अर्धं खरं आहे. नुसता काढून ओढलात तर नळीत त्याच्या जागी पोकळी राहते, तिथे धूर थंड होतो, पाणी साचतं आणि गुडगुड सुरू होते, मग लोक म्हणतात बघा फिल्टर हवाच. फिल्टर नको असेल तर पोकळी भरा. 6 मिमीची सरळ लाकडी काडी घ्या, मधोमध भोक पाडा, फिल्टरच्या लांबीची कापून त्या जागी बसवा, चिकटवू नका म्हणजे काढून साफ करता येते. भोक मध्यात पाडणं हेच यातलं खरं अवघड काम आहे, माझ्या पहिल्या तीन काड्या वाया गेल्या. आधी लांब काडीत भोक पाडून मग कापली तर सोपं जातं.

आणि निर्धोक वगैरे अजिबात नाही. जळते ती तंबाखूच, पाईप कणसाचा असो की ब्रायरच्या कठीण लाकडाचा. ओठ, तोंड, घसा, फुफ्फुस या सगळ्यांच्या कॅन्सरचा धोका पाईप ओढणाऱ्याला असतो, फिल्टर लावला तरी असतो. मी वर जे सांगितलं त्याने पाईप टिकेल आणि चव सुधारेल, शरीराला त्याचा काही फायदा नाही, आणि जो ओढत नाही त्याने या पाईपसाठी सुरुवात करू नये.

साफसफाईचं राहिलंच. ब्रायरच्या पाईपमध्ये घालतात तसा चाकू घालून आतला कार्बनचा थर खरवडू नका, कणसाची भिंत मऊ असते, सोलून निघते. ओढून झाल्यावर पाईप क्लीनर फिरवा, बाऊल कागदाने पुसा, पाण्याखाली धरू नका आणि दिवसभर सुकू द्या. नवीन मड केलेला पाईप तर निदान दोन दिवस तसाच ठेवा, वरून सुकलेला दिसला तरी तळाशी ओला असतो, नख लावून बघा, खूण उमटली तर अजून एक दिवस थांबा.