तांब्याच्या नकाशावरचा लाल पट्टा

एक मेसेज सध्या ग्रुपांमधून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जगात तांब्याचे जेवढे साठे सापडले त्यांची यादी आता फुकट मिळते. ती एआयला शिकवली की तो विदर्भाच्या नकाशावर लाल चौकोन काढून देतो, तेही ९९ टक्के अचूक. मध्य प्रदेशातली मलाजखंडची तांब्याची खाण शेजारीच, म्हणजे आपल्याकडे तांबं असणारच. खरी माहिती सरकार दडवून ठेवतं. तेव्हा भूवैज्ञानिकांची पायपीट थांबवा आणि लाल दिसेल तिथे ड्रिल लावा. सोबतच्या नकाशात सगळ्यात भडक पट्टा नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडे आहे.

ज्ञात साठ्यांवरून नव्याचा माग काढता येतो, आणि ते काम जगभर चालतं. या नकाशात मात्र तो भडक पट्टाच पहिला घोटाळा आहे.

नागपूर शहर खडकांच्या सीमेवर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा. पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुने नाईस आणि शिस्ट, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेले खडक. बेसाल्टमध्ये तांबं मुळातच जास्त असतं, साधारण १०० ते २५० पीपीएम, म्हणजे टनाला तेवढे ग्रॅम. ग्रॅनाइट-नाईसमध्ये ते १०-२० च्या आसपास. खाणीला परवडणारं धातुक (धातू काढण्याजोगा दगड) १ टक्क्याच्या जवळपास धरलं तर ते १०,००० पीपीएम होतं. म्हणून काटोलकडच्या नाल्याच्या गाळात १८० पीपीएम आले तर ती नुसती बेसाल्टची हजेरी. भिवापूरकडे शिस्ट-नाईसवरून येणाऱ्या नाल्यात ७० आले तर मात्र जाऊन बघायलाच हवं. मेसेजवाल्या नकाशात दोन्हीकडचे आकडे एकाच मापाने रंगवले आहेत, त्यामुळे पश्चिम लाल झाली आणि पूर्व फिकी पडली.

यावरचा उपाय किचकट नाही, वेळखाऊ आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूरासायनिक नकाशांत साधारण दर २ किमी × २ किमी चौकोनामागे एक नमुना असतो. प्रत्येक नमुन्याचं पाणलोट क्षेत्र आखायचं, त्यात कोणता खडक किती टक्के ते मोजायचं आणि नमुने खडकानुसार गटांत टाकायचे. मग आकड्यांचा लॉग घेऊन प्रत्येक गटाचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, काढायचा, आणि रंग द्यायचा तो मध्यकापासून नमुना किती दूर आहे त्याला. सोबतची मूलद्रव्यंही बघायची. तांब्याबरोबर टायटॅनियम, व्हॅनेडियम, कोबाल्ट वाढलं असेल तर बेसाल्टचा संशय घ्यावा. मॉलिब्डेनम, चांदी, बिस्मथ वाढलं असेल तर कान टवकारावेत. सगळ्यात जास्त फसगत सीमेवर होते. वर बेसाल्टची टोपी आणि खाली नाईस असेल तर नमुना नाईसवरचा दिसतो, गाळ मात्र वरून आलेला असतो.

“यादीत जितके बिंदू जास्त, तितका अंदाज पक्का.” मेसेजमागचा हा समज तांब्याच्या बाबतीत उलटाही पडतो. पॉर्फिरी साठा (खालून घुसलेल्या मॅग्माच्या खडकाभोवती विखुरलेला), झांबियातला गाळाच्या खडकातला साठा, समुद्रतळावरच्या ज्वालामुखीशी निगडित सल्फाइड साठा, ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅमसारखा लोह-ऑक्साइडबरोबरचा साठा, या सगळ्यांत तांबं असलं तरी ते येण्याची कारणं वेगळी आहेत. सगळे एका पोत्यात भरले की मॉडेलला सरासरी कळते, आणि तशी सरासरी जमिनीत कुठेच नसते. आधी प्रकार वेगळे करा. मग एकाच खाणीचे तीन नावांनी आलेले तीन बिंदू एक करा. पॉर्फिरीच्या एका जागतिक यादीत २ किमीच्या आतलं सगळं एकच साठा धरण्याचा नियम वापरला आहे, तो सुरुवातीला ठीक आहे. मग नोंदीचा दर्जा: चालू खाण, ड्रिल झालेला साठा, जुनी खोदाई, की दगडावर दिसलेला मॅलाकाइटचा हिरवा डाग? चौघांना सारखंच वजन देता येत नाही. शेवटी अक्षांश-रेखांश. जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षण नकाशांवरचे) एव्हरेस्ट पद्धतीचे आकडे तसेच आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीत टाकले तर आपल्या भागात बिंदू दीडशे मीटरहून जास्त सरकतो. दोन-चार मीटर जाडीच्या शिरेसाठी हे म्हणजे घर सोडून भलत्याच गल्लीत शिरणं झालं.

यादीबद्दलच अजून एक: नागपूर जिल्ह्यातल्या तांब्याच्या नोंदींत पुल्लर, परसोडी यांच्याबरोबर तांबेखाणी हे नाव येतं. असली गावांची नावं जागतिक यादीत सहसा नसतात, पण जुन्या खोदाईचा तो फार चांगला पुरावा असतो.

आता ते ९९ टक्के. समजा १०,००० चौ. किमी क्षेत्राचे १ चौ. किमीचे चौकोन पाडले आणि त्यात तांब्याच्या २० नोंदी आहेत. “कुठेच तांबं नाही” असं डोळे मिटून सांगणारा ९९.८ टक्के अचूक ठरतो! पुढे बघा. शिअर झोनपासून (खडक घासून-चिरडून गेलेल्या पट्ट्यापासून) १ किमीच्या आत २,००० चौकोन येतात आणि २० पैकी १२ नोंदी त्यांत पडतात असं धरू. नोंद असलेल्या चौकोनांपैकी ०.६० शिअर झोनजवळ आहेत. नोंद नसलेल्यांपैकी १,९८८ भागिले ९,९८०, म्हणजे ०.२०. गुणोत्तर ३, त्याचा नैसर्गिक लॉग १.१. ‘वेट्स ऑफ एव्हिडन्स’ (पुराव्यांना वजन देण्याच्या) पद्धतीत यालाच धन वजन म्हणतात, आणि १.१ हे चांगलं वजन आहे. तरीही त्या पट्ट्यातला कुठलाही एक चौकोन घेतला तर नोंद सापडण्याची शक्यता २,००० त १२, म्हणजे ०.६ टक्के. लाल रंगाचा अर्थ एवढाच.

अशी वजनं बेरजेत धरताना नकाशावरचे पुराव्यांचे थर एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात. शिअर झोन आणि त्याच्याच कडेने बदललेला खडक हे दोन वेगळे पुरावे मानले की एकच साक्षीदार दोनदा साक्ष देऊन जातो. तपासणीचंही तसंच. काही नोंदी लपवून मॉडेल बनवायचं आणि ते त्यांना ओळखतं का हे बघायचं, पण शेजारच्या नोंदी एकत्रच लपवायच्या. नाहीतर मॉडेल भूविज्ञान शिकत नाही, शेजार पाठ करतं. विचारायचा प्रश्न हा, की सगळ्यात लाल १० टक्के क्षेत्रात लपवलेल्यांपैकी किती नोंदी आल्या?

मलाजखंडचं नातं जोडणं तर गमतीचंच आहे. तिथलं तांबं सुमारे २४९ कोटी वर्षांपूर्वीचं, ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या शिरांतलं. काटोलकडचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा. ज्ञात साठ्याकडून अंतर उसनं घ्यायचं नसतं, घडण घ्यायची असते. अॅरिझोनात सॅन मॅन्युएलच्या साठ्याभोवती खडक कसकसा बदलत गेला आहे याची वर्तुळं लोवेल या भूवैज्ञानिकाने आखली, तेव्हा ती अर्धीच भरली. उरलेला अर्धा भाग भ्रंशाने (जमिनीतल्या मोठ्या भेगेने) तोडून सरकवला असणार असं गणित मांडून १९६० च्या दशकात खोल ड्रिल केलं आणि कालामाझूचा साठा मिळाला. आपल्याकडे हा विचार करायचा तर चंद्रपूर जिल्ह्यातलं थानेवासना किंवा भिवापूरकडचा साकोली पट्टा घ्यावा, काटोल नाही.

“लाल दिसेल तिथे ड्रिल लावा.” ड्रिल हा शेवटचा आणि सगळ्यात महागडा टप्पा. त्याआधी मातीचे नमुने: २०० मीटरवर रेघा, रेघेवर २५ ते ५० मीटरला नमुना. काळ्या मातीत वरचा थर उचलला तर हाती काहीच लागत नाही, कारण ती बऱ्याचदा वाहून आलेली असते. ऑगरने, म्हणजे गिरमिटाने, खालच्या मुरमापर्यंत जावं लागतं. मग आयपी सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून ती किती साठून राहते ते मोजणं), तेही सांभाळून: ग्रॅफाइट असलेला शिस्ट आणि नुसतं पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) दोघंही तांब्याइतकाच झकास संकेत देतात. ड्रिल शिरेच्या उताराला आडवं जाईल असं तिरपं लावायचं. गाभ्यात (ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्यात) ८ मीटर तांबं दिसलं आणि शीर गाभ्याच्या अक्षाशी ३० अंशांत असली तर खरी जाडी ४ मीटरच.

यादीबाहेरचंही असतं. ऑस्ट्रेलियात ऑलिम्पिक डॅमला १९७५ मध्ये गुरुत्व आणि चुंबकीय संकेत जुळले तिथे, तांबं बेसाल्टमधून झिरपून वरच्या गाळात साठलं असेल अशा कल्पनेने पहिलं छिद्र घेतलं. सुमारे ३५० मीटर आवरणाखाली तांबं लागलं, पण अपेक्षित खडकात नाही. तो प्रकार तेव्हाच्या कुठल्याच यादीत नव्हता.

माहिती दडवल्याचं म्हणाल तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल खुलं आहे आणि राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार डिसेंबर २०२३ पासून चालू आहे. जागतिक यादीत नसलेली एक गोष्ट तिथल्या अहवालांत मिळते: कोरडी गेलेली छिद्रं. मॉडेलला “इथे नाही” हे शिकवायला तीच लागतात, आणि ती कुणीतरी पायपीट करून, खडकात भोक पाडून, गाभा पेटीत भरून लिहिलेली असतात.