गाविलगडाचा ‘१८०३ चा फोटो’

आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक फोटो फिरतोय. तपकिरी रंग, पडका तट, वर कोरं पांढरं आभाळ. खाली मजकूर: ‘१८०३ साली इंग्रजांनी काढलेला गाविलगडाचा खरा फोटो. एकही माणूस नाही! गड आधीच रिकामा होता, लढाई झालीच नाही. आभाळात दिसतो तो धूर.’

लढाई झाली नाही तर धूर कशाचा बाप्पा, चुलीचा?

आधी साल पाहू. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गड घेतला १५ डिसेंबर १८०३ ला. किल्लेदार बेनीसिंग त्यात पडला, तेव्हा लढाई झालीच. पण कॅमेऱ्यातलं चित्र कायमचं टिकवणं तेव्हा जगात कुणालाच जमलेलं नव्हतं. फ्रान्सच्या निएप्सचं कॅमेऱ्यातून घेतलेलं, आज उरलेलं सगळ्यात जुनं चित्र १८२६-२७ च्या सुमाराचं. तिथल्याच दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली १८३९ ला, गड पडल्यावर ३६ वर्षांनी.

तपकिरी रंगाचं काय सांगावं, तो आता मोबाईलमध्येही फुकट मिळतो.

आता माणसं. दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, तर त्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा ठळक उमटला. बाकीचे चालत होते, कॅमेरा मात्र काही मिनिटं उघडा. चालणारा पुसला जातो, थांबलेला उरतो.

पुस्तकातलं कोण ऐकतं! म्हणून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवला, सुईने भोक पाडलं, मित्राच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला ब्लॅक-अँड-व्हाइट कागद आत लावला आणि आठवडी बाजारात डबा तीन मिनिटं ठेवला. पाय ठेवायला जागा नव्हती. कागद धुऊन मोबाईलवर उलटा करून (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) पाहिला, तर पालं आहेत, एक बसलेली गाय आहे, मिरचीवाल्या मावशी आहेत (हात मात्र गायब, तराजू चालू होता ना!), गिऱ्हाईक एकही नाही. निळं आभाळ पांढरंफटक आणि लाल मिरचीचा ढीग कोळशासारखा काळा. हा कागद जुन्या काळी फोटो ज्यावर घ्यायचे त्या काचांसारखाच: निळा उजेड पटकन पकडतो, लाल त्याला दिसतच नाही. फोटोतला ‘धूर’ तो हाच.

कागद घेऊन मजकूर पाठवणाऱ्या भाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला अन् म्हणाले, “काहून, त्या दिवशी बाजार भरलाच नव्हता काय?”