रॅम वाढवली म्हणून कीबोर्डची वॉरंटी का जावी?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी, पुरेना, म्हणून आम्ही दोघींनी मागचं झाकण उघडून रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसवली. दोन महिन्यांनी कीबोर्डची तीन बटणं बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्क्रूवरचं फाटलेलं स्टिकर दाखवलं आणि सांगितलं, "मॅडम, वॉरंटी व्हॉइड झाली."

मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो. रॅमचा आणि बटणांचा संबंध काय, हे त्याने सांगितलं नाही. पोरगी मात्र आपल्याच हातून काहीतरी बिघडलं म्हणून रडवेली झाली.

घरी येऊन वॉरंटीचा कागद नीट वाचला. अनधिकृत बदलांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरणार नाही, असं त्यात होतं. 'मुळे' हा शब्द महत्त्वाचा आहे. झाकण उघडलं की सगळी वॉरंटी संपली, असं त्यात कुठेच नव्हतं. कित्येक कंपन्या तर रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग) कशी बदलायची याचं मॅन्युअल स्वतःच वेबसाइटवर ठेवतात.

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा कायदा आहे आणि २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, बाहेरचे भाग वापरले किंवा सील फाटलं तर वॉरंटी रद्द, अशा अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांच्या प्रकरणात हेच तत्त्व मांडलं: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, त्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. तो आदेश गाड्यांचा होता, पण लॅपटॉपला वेगळा न्याय का असावा?

आता आपली बाजूही सांगते. स्क्रूड्रायव्हर निसटून मदरबोर्डला ओरखडा गेला, तर तो खर्च आपला. नवी स्टिक बिघडली तर तिची वॉरंटी स्टिक बनवणाऱ्याकडे मागायची, लॅपटॉपवाल्याकडे नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे वेगवेगळे प्रकार; डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसतच नाही, खाचच वेगळी असते. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की जोडलेली असते, त्यामुळे स्टिक विकत घेण्याआधी आपलं मॉडेल तपासा. उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. फोटो काढा. जुनी रॅम काढलीत तर ती आणि बिल जपून ठेवा.

आणि काउंटरवर तोंडी नकार मिळाला तर तिथून तसंच परतू नका. आम्ही कंपनीला ईमेल केला: रॅममुळे कीबोर्ड नेमका कसा बिघडला, ते लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही हाताशी ठेवला होता, पण तिथे फोन करायची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी त्याच सर्व्हिस सेंटरचा फोन आला, लॅपटॉप घेऊन या म्हणून. कीबोर्ड पैसे न घेता बदलून मिळाला. आम्ही बसवलेली स्टिक आत होती, तशीच आहे.