‘मग फादर हवेतच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) मी आम्हा कॅथलिकांच्या याजकपणावर, म्हणजे फादरांच्या सेवेवर, लिहिलं होतं, त्याखाली एका वाचकाने भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीये. म्हणणं थोडक्यात असं की येशू हा एकच महायाजक, बायबलमधल्या 1 पेत्र 2:9 प्रमाणे सगळेच विश्वासणारे याजक, त्यामुळे फादर हा प्रकारच बायबलबाहेरचा. पुढे पापनिवेदन, फादरांचं ब्रह्मचर्य, चर्चचे पैसे असं बरंच काही. आणि मधोमध हे वाक्य: ‘ज्याने बायबल एकदा तरी उघडलंय तो माणसाला याजक म्हणणार नाही, तुम्ही मात्र फादरांचे पगारी भाट दिसता.’ खाली सही, ‘प्रभूमध्ये तुमचा बंधू’. नाव नाहीच.

ब्रदर, मतभेद असू द्या, पण भाट म्हणायचं आणि वर बंधू म्हणून सही करायची हे मला पटत नाही. पगाराचं म्हणाल तर पॅरिशमधून, म्हणजे आमच्या चर्चमधून, एक रुपया कधी घेतलेला नाही, रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते तेही फुकट. आणि बायबल ‘एकदा तरी’ उघडण्याबद्दल काय सांगू, वसईत आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी (माळेवरची प्रार्थना) झाली की आजी आम्हा पोरांपैकी एकाला उतारा वाचायला लावायची, अडखळलं की परत पहिल्यापासून, निर्गम आणि लेवीय असे जड जड अध्याय आम्ही झोप येत असताना वाचलेत. त्यामुळे वचनं माहीत नाहीत असं कृपा करून म्हणू नका.

आता तुमचं 1 पेत्र 2:9. पेत्र हे निर्गम 19:6 वरून बोलतोय, तिथे देव सीनाय डोंगरापाशी सगळ्या इस्राएलला म्हणतो की तुम्ही माझं याजकराज्य व्हाल. सगळ्यांना. मग त्याच पुस्तकात पुढे 28 व्या अध्यायात तोच देव मोशेचा भाऊ अहरोन याला आणि त्याच्या मुलांना याजक म्हणून वेगळं काढायला सांगतो, त्यांची वस्त्रं कशी शिवायची इथपर्यंत. म्हणजे सगळी प्रजा याजक आणि त्यातले काही जण सेवेसाठी नेमलेले, या दोन गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत, देवाला त्यात भांडण दिसलं नाही, तुम्हाला का दिसतं? ‘सगळीच मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का वर चढता’ हे मोशे आणि अहरोनाच्या तोंडावर कोण म्हणालं ते गणना 16 मध्ये वाचा. कोरह म्हणाला. त्या बंडाबद्दल देवाने त्याला काय शिक्षा केली तेही वाचा.

आणि येशू एकच महायाजक हे आम्ही कधी नाकारलं? इब्री लोकांस पत्र तेच सांगतं, तो यहूदाच्या वंशातला, याजकांच्या लेवी वंशातला नव्हेच, तरी अब्राहामाच्या काळातल्या मलकीसदेक या राजा-याजकासारखा कायमचा याजक, आणि त्याचं अर्पण एकदाच, कायमचं. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या वेदीवरच्या उपासनेत, येशूला परत क्रुसावर चढवतात असं कुठल्याही फादरांनी मला शिकवलेलं नाही. वेदीवर फादर उभे असतात ते त्याच एका याजकपणात, स्वतःचं दुसरं दुकान काढून नाही. पौल रोमकरांस 15:16 मध्ये स्वतःच्या सुवार्तेच्या कामाला याजकाची सेवा म्हणतो, तो बायबलबाहेरचा का?

सगळ्यांचं याजकपण आम्ही विसरलो हेही खोटं. बाप्तिस्म्यात तान्ह्या बाळाच्या टाळूला क्रिज्मा हे अभिषेकाचं तेल लावतात तेव्हा फादर ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा असल्याचं सांगून त्या बाळाला त्यात जोडतात. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली हे दोन्ही लेखी मांडलंय, बाप्तिस्म्याचं याजकपण आणि दीक्षेचं (फादरांचं) याजकपण वेगळं, पण एकमेकांसाठी. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया फादर नव्हतेच, साधे ब्रदर, म्हणजे याजकदीक्षा न घेतलेले संन्यासी होते, 1597 साली नागासाकीत क्रुसावर गेले आणि 1862 साली संत म्हणून घोषित झाले. फादर झाल्याशिवाय पवित्र होता येत नाही असं मानणारं चर्च हे करेल का? प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने 1520 साली सगळ्यांच्या याजकपणावर लिहिलं, तरी त्याच्या चर्चमध्येही पाळक नेमतातच ना. तुमच्या मंडळीत रविवारी प्रभुभोजन कोण देतं, दर वेळी वेगळा माणूस उठतो का?

एक मान्य करते, काही फादर पॅरिश म्हणजे आपली जहागीर असल्यासारखे वागतात, लोकांवर ओरडतात, ते चूकच. पण त्याने याजकपण खोटं ठरत नाही. माझे बाबा गेले त्या रात्री धो धो पाऊस होता, लाइट गेलेली, फादर स्कूटरवरून भिजत आले, खिशातून तेलाची छोटी डबी काढली, बाबांच्या कपाळाला आणि मग दोन्ही तळहातांना तेल लावलं. बाबांना बोलता येत नव्हतं पण हात त्यांनी स्वतःहून उघडले. याकोबाच्या पत्रात 5:14 ला आजाऱ्यासाठी असंच सांगितलंय. आई बाजूला प्रार्थना म्हणत होती, तीही याजकाचंच काम करत होती, पण फादर कशाला हवेत असं तिला त्या वेळी विचारायची हिंमत तुम्ही केली असती का?

पापनिवेदन आणि पैशांचे मुद्दे त्या पोस्टचे नव्हतेच, त्यावर इथे वेळ घालवत नाही. ब्रह्मचर्यावर तर तुम्ही नुसते टोमणे मारलेत. उत्तर द्यायचं असेल तर निर्गम 28 बद्दल द्या, आणि नावानिशी द्या.