मामा, गिअर नको म्हणतात!

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तिघांनी पाठवला. शेवटचा भाच्याकडून आला, खाली दोन शब्द: "मामा, करूया?" मजकुराचं सार असं की घरी बांधायच्या विमानाला जुन्या माझदा गाडीचं रोटरी इंजिन सगळ्यात भारी. आत तीनच हलते भाग, म्हणून ते बंद पडतच नाही. 1300 सीसीत विमानाच्या इंजिनाची ताकद, तीही निम्म्या वजनात. पहिल्या महायुद्धातली विमानं रोटरीवरच उडायची. फक्त गिअर लावू नका, गिअर तुटतात. पंखा थेट शाफ्टला जोडा.

मी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात लाँचची इंजिनं आणि गिअरबॉक्स उघडतो. विमान बांधलेलं नाही. पण इंजिन आणि पंखा यांच्या मधल्या हातभर जागेत माझा जन्म गेला, आणि हा मजकूर नेमका तिथेच आपटतो.

महायुद्धाचं आधी उरकतो. ती ग्नोम, ल रोन वगैरे इंजिनं वेगळीच. त्यांचा क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरायचे. वंगणाला एरंडेल. ते न जळता वैमानिकाच्या तोंडावर उडायचं आणि पोटातही जायचं. पुढचं कोकणातल्या माणसाला सांगायला नको. माझदाचं रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेलचं इंजिन. ते 1957 साली जर्मनीत एनएसयूकडे पहिल्यांदा फिरलं. दोघांत सारखं आहे ते फक्त नाव.

"तीनच हलते भाग" हे खरं आहे, पण अर्धंच. माझदाच्या 13बी या इंजिनात दोन रोटर, म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणारे तिकोनी ठोकळे, आणि एक एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे त्याचा क्रँकशाफ्टच. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. मात्र प्रत्येक रोटरला टोकांची तीन सील, बाजूंची सहा, कोपऱ्यांची सहा. दोन रोटरची मिळून तीस, आणि त्यांखाली स्प्रिंगा. शिवाय पाण्याचा पंप, तेलाचा पंप, पेट्रोलचा पंप, इंजेक्शनचा कॉम्प्युटर. विमानाच्या लायकमिंग इंजिनाला साधारणपणे दोन मॅग्नेटो असतात, ते ठिणगीची वीज स्वतःच बनवतात, बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. इथे वीज गेली की ठिणगीही गेली आणि पेट्रोलही. सील तुटलं तरी रोटरी बऱ्याचदा लंगडत का होईना चालतं, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो. पण आमच्या लाँचसुद्धा समुद्रात बंद पडतात त्या पिस्टन फुटून क्वचितच. फिल्टरमधला कचरा, सुटलेली वायर, फाटलेला होज, हीच कारणं असतात.

1300 सीसीचा हिशोब तर फसवाच. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो, म्हणजे हवा गिळण्याच्या हिशोबाने हे 2600 सीसीचं फोर-स्ट्रोक. टर्बो नसलेलं 13बी माझदाच्या जुन्या आरएक्स-7 गाडीत 160 हॉर्सपॉवरपर्यंत देत होतं, तेही 7000 आरपीएमला. लायकमिंगचं ओ-320 तेवढीच ताकद 2700 ला देतं. वजन करताना रेडिएटर, ऑइल कूलर, पाणी, गिअर हे सगळं काट्यावर ठेवा, मग "निम्मं" कुठे जातं ते दिसेल.

आता गिअर. सहा फुटी पंखा 6000 आरपीएमला थेट फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 575 मीटरच्या आसपास जातो. ध्वनीचा वेग साधारण 340. टोकं आवाजाच्या पुढे गेली की पंखा हवा ढकलायची सोडून नुसती बोंब मारतो. 2.17 ला 1 असा गिअर लावला की तोच पंखा 2765 वर येतो आणि टोक 265 मीटरवर. बिनागिअरचं चालवायचं तर इंजिनच 2700 वर ठेवावं लागेल, आणि तिथे 13बीकडे निम्मी ताकदही नसते. जेट्टीवरचा कुठलाही तांडेल, म्हणजे लाँचचा म्होरक्या, हे सांगेल: मोठा पंखा सावकाश फिरला तरच जाळं ओढतो.

आणि गिअर तुटतात म्हणून गिअरच वाईट? राइट बंधूंनी 1903 मध्येच चेन लावून पंखे इंजिनापेक्षा सावकाश फिरवले होते. जगभरातल्या हलक्या विमानांतलं रोटॅक्स 912 गिअरवरच चालतं, 5800 आरपीएमचं इंजिन आणि 80 हॉर्सपॉवरच्या मॉडेलला 2.27 चा गिअर. आपल्या नौदलाच्या हेरॉन ड्रोनमध्येही रोटॅक्सच आहे.

गिअर तुटतो तो हिसक्यांनी. परवाच एका लाँचचा गिअरबॉक्स उघडला. तक्रार अशी की आयडलला खडखड, रेस केली की गप्प. आत दात शाबूत होते, पण इंजिन आणि गिअरमधल्या कपलिंगचं रबर काळ्या भुशासारखं हातात आलं. इंजिनाचे स्फोट धक्क्याधक्क्याने येतात आणि पंखा जड असल्याने मागे राहतो. मग शाफ्ट पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो. एका ठराविक वेगाला त्या पिळण्याची आणि स्फोटांची लय जुळली की दात एकमेकांवर आपटतात. मऊ रबर किंवा स्प्रिंग ती लय आयडलच्याही खाली ढकलते, म्हणजे इंजिन चालू करताना ती क्षणात ओलांडली जाते. इथे रोटरीची बाजू उलट भक्कम आहे: तिचा एकेक पॉवर स्ट्रोक शाफ्टच्या 270 अंशांपर्यंत टिकतो, दोन रोटरचे एकमेकांवर चढतात, त्यामुळे हिसका सौम्य. गिअरला सोसायला चार पिस्टनच्या इंजिनापेक्षा हे सोपं. मजकूर लिहिणाऱ्याने रोटरीचा खरा गुणच तिच्याविरुद्ध वापरला.

मजकुरात नाव नाही ते उष्णतेचं. रोटरीचा एक्झॉस्ट 900 अंशांच्या वर जातो, साधा सायलेन्सर टिकत नाही. पाण्याइतकंच तेलही थंड ठेवावं लागतं. त्यात ब्लॉक म्हणजे लोखंडाच्या तीन आणि अॅल्युमिनियमच्या दोन चकत्यांचं सँडविच, लांब बोल्टांनी आवळलेलं. एकदा तापून वाकलं की सीलमधून पाणी आत. आणि आपली खारी हवा लोखंड-अॅल्युमिनियमच्या सांध्याला कशी खाते हे होडीच्या तळाला झिंक लावणाऱ्यांना ठाऊक आहे.

भाच्याला फोन करून एवढं सगळं ऐकवलं. म्हटलं, विमान राहू दे, आधी स्टँडवर इंजिन, गिअर, पंखा, दोन्ही कूलर असं बांध आणि मे महिन्यात दुपारी पळव. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पंखा मेटलचा लावू की लाकडी?"

लाकडी. हलका असतो, लय जुळायची ती जागा सरकते. मेटलचा लावलास तर कपलिंगचा हिशोब पहिल्यापासून.