सर, यादी फेकून द्या असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार सर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रेजल व्हर्ब्ज (क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून होणारी इंग्रजी क्रियापदं) नुसत्या पाठ करू नका हा माझ्या लेखातला सल्ला शहरातल्या मुलांपुरता ठीक आहे, तालुक्याच्या गावी ज्यांच्या कानावर इंग्रजी पडतच नाही त्यांना यादीशिवाय गत्यंतर नाही, आणि परीक्षेत तर थेट अर्थच विचारतात.

परीक्षेचं मान्य. एमपीएससीच्या गट ब, गट क मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ आहेतच. चारातला एक पर्याय निवडायला पाठांतर पुरतं. माझा लेख बोलण्याबद्दल होता.

बोलताना यादीवाला मुलगा अर्थापाशी अडत नाही. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, हे त्याला घडाघडा येतं. मग तो 'पुट ऑफ इट' म्हणून मोकळा होतो. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'द मीटिंग' असेल तर मध्ये चालतं, शेवटीही चालतं. 'लुक फॉर' (शोधणे) मात्र फुटत नाही, 'लुक हर फॉर' कुणी म्हणत नाही. याची खूण बहुतेकदा उच्चारात सापडते. 'पुट इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक फॉर हर'मध्ये 'लुक'वर. शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांत हे मावणार कसं? तिसरा रकाना आखून त्यात अख्खं वाक्य द्या, मग खुशाल पाठ करून घ्या.

आणि गावाकडचं पोर अगदी रिकाम्या हातानं येतं, हे मला पटत नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक त्याला कुणी शिकवला? 'ईट' आणि 'ईट अप'मध्ये जवळपास तोच आहे. 'यूज अप', 'ड्रिंक अप' यांतही संपवून टाकण्याचा भाव त्या 'अप'चाच. ('ब्रिंग अप'ला, म्हणजे लहानाचं मोठं करण्याला, हे लावायला जाल तर फसाल, तिथे पाठांतरच.) मी सुरुवात इथून करतो.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडणे) लेखातून गाळल्याबद्दल तुम्ही रागावलात. उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारे संवाद जोनाथन स्विफ्ट या लेखकानं १७३८ साली छापले, त्यात हा वाक्प्रचार आहे. म्हणजे तो तेव्हाच शिळा झाला होता! परीक्षेपुरता ओळखू आला की झालं, पावसात कुणाला ऐकवू नये.

जाता जाता, 'माझे विद्यार्थी पास आऊट होऊन नोकरीला लागले' असं तुम्ही लिहिलंत. आपल्याकडे ते सर्रास चालतं, मी चूक म्हणणार नाही. पण लंडनचा माणूस पोरं बेशुद्ध पडली असं समजेल. तो फौजी असेल तर गोष्ट वेगळी. खडकवासल्याला एनडीएत प्रशिक्षण संपताना होते ती 'पासिंग आऊट परेड' मूळची ब्रिटिश लष्कराची. यादीत याचे दोन्ही अर्थ द्या.