डफी, पपईचा चीक आणि राजेंद्रनगरच्या सरांचे तीन आक्षेप

सर, नमस्कार.

वर्गात तुम्ही खडू फेकून मारायचात का, ठाऊक नाही, पण तुमची प्रतिक्रिया वाचताना एक-दोन मला नक्की लागले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डफी रक्तगटावरच्या (ए-बी-ओ, आरएचसारखाच लाल पेशींवरच्या खुणांचा आणखी एक गट) माझ्या मागच्या लेखावर आपल्या इंदूरच्याच राजेंद्रनगरमधल्या एका निवृत्त जीवशास्त्राच्या सरांनी तीन आक्षेप घेतलेत. एक, डफी नावाचा शास्त्रज्ञ कधी नव्हताच. दोन, काही लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतो त्याला मी ‘जीन बिघडला’ म्हटलं, ही भाषा विज्ञानाची नाही. तीन, ए-बी-ओ आणि आरएच जुळलं की रक्त चढवता येतं, उगाच नवी नावं सांगून लोकांना घाबरवू नका.

पहिल्यात चूक माझी, शंभर टक्के. डफी हे रुग्णाचं आडनाव. त्याला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) होता आणि अनेकदा रक्त चढवलेलं होतं. १९५० साली त्याच्या सीरममध्ये (रक्तातल्या पाण्यासारख्या भागात) तोवर कुणी न पाहिलेली अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींना चिकटणारं प्रथिन, सापडली, ती कटबुश, मॉलिसन आणि पार्किन यांनी प्रसिद्ध केली. आडनावातली शेवटची दोन अक्षरं घेऊन ‘एफवाय’ हे नाव पडलं. मी घाईत रुग्णालाच शास्त्रज्ञ करून टाकलं.

पण सर, या दुरुस्तीनं तुमचाच तिसरा आक्षेप अडचणीत येतो. डफींना दिलेलं रक्त गटानं जुळवूनच दिलेलं होतं ना? तरी अँटिबॉडी तयार झालीच.

मी २२ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होते. थॅलेसेमियाचा एक मुलगा दर तीन आठवड्यांनी यायचा, बी पॉझिटिव्ह. एकदा चार पिशव्या क्रॉसमॅचला लावल्या, म्हणजे दात्याच्या पेशी मुलाच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. ३७ अंशांवर ठेवून, पेशी धुऊन, कूम्ब्स सीरम (पेशींना अँटिबॉडी चिकटली असेल तर त्यांच्या गुठळ्या करणारं) घालून नळी फिरवली. तळाशी लाल टिकली बसते. नळी हळूच हलवली की ती धुरासारखी विरघळायला हवी. इथे ती तुकड्यातुकड्यांनी सुटली. चारपैकी तीन नळ्यांत तेच. गट जुळलेला, आरएच जुळलेला, आणि रक्त देता येईना.

मग पॅनेल लावलं, म्हणजे कुठल्या खुणा आहेत ते आधीच तपासून ठेवलेल्या पेशींच्या छोट्या बाटल्या. त्याच पेशींना पेपेन लावून पुन्हा पाहिलं. पेपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम, मटण शिजत नसलं की आपण पपईचा तुकडा टाकतो ना, तेच. पेशीच्या पृष्ठभागावरचं डफी प्रथिन ते कापून टाकतं. आरएचची प्रतिक्रिया पेपेननं उलट वाढते. आमची प्रतिक्रिया साफ गेली. एम आणि एन हे अँटिजेनही (पेशीवरच्या अशाच खुणा) पेपेननं जातात, म्हणून तक्त्याशी एकेक ओळ ताडून पाहिली. शेवटी एफवाय-ए, म्हणजे डफीचा एक प्रकार, उरला. आपल्याकडच्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर तो असतो, त्यामुळे तो नसलेलं रक्त शोधणं आलं. त्या दिवशी सतरा पिशव्या तपासल्या तेव्हा दोन मिळाल्या. आधीच्या त्या तीन पिशव्यांतलं रक्त न तपासता चढवलं असतं तर चढवलेल्या पेशी आठ-दहा दिवसांत फुटल्या असत्या, डोळे पिवळे झाले असते, हिमोग्लोबिन होतं तिथंच आलं असतं. घाबरवायला हे लिहिलं नव्हतं, सर.

आता ‘बिघडला’. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे, आणि मनापासून सांगायचं तर मला तोच सर्वांत आवडला.

डफीचा जीन पहिल्या गुणसूत्रावर आहे, एसीकेआर१ हे त्याचं आजचं नाव. (लिंग-गुणसूत्रं सोडून इतर गुणसूत्रांपैकी नेमक्या कुणावर तरी जागा ठरलेला माणसाचा हा पहिला जीन. १९६८ मध्ये रॉजर डोनाह्यू या विद्यार्थ्याला स्वतःच्याच पेशींत एक विचित्र दिसणारं पहिलं गुणसूत्र आढळलं. मग त्यानं घरच्यांना रक्त मागितलं, आणि ते गुणसूत्र कुणाकडे, डफीचा कोणता प्रकार कुणाकडे, हे ताडून पाहिलं!) जीनमधल्या एका बदलानं प्रथिनाच्या साखळीत ४२ व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल आलं तर एफवाय-ए, अस्पार्टिक आम्ल आलं तर एफवाय-बी. पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्यांच्या लाल पेशींवर मात्र दोन्ही नसतात. तिथे प्रथिन बनवायची कृती शाबूत असते. जीनच्या आधीच्या भागात गाटा-१ हे प्रथिन जिथे बसतं, तिथलं एक अक्षर बदललेलं असतं, टीच्या जागी सी. हे १९९५ मध्ये कळलं. त्यामुळे लाल पेशी तयार होताना तेवढा जीन चालू होत नाही. बारीक शिरांच्या अस्तरावर तेच प्रथिन व्यवस्थित दिसतं. जिन्यातला दिवा बंद, घरातले चालू. याला बिघाड म्हणणं माझंच चुकलं. आणि म्हणूनच अशा माणसाच्या शरीराला एफवाय-बी सहसा परका वाटत नाही, त्याविरुद्ध अँटिबॉडी क्वचितच होते.

‘आफ्रिकेची कथा इंदूरला कशाला’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरताना याच प्रथिनाला धरतो. आपला एकांतरा ताप, एक दिवस थंडी वाजून फणफण, दुसऱ्या दिवशी माणूस खडखडीत, तो याच दारातून येतो, आणि आपल्याकडे हे दार बहुतेक सगळ्यांना आहे. ते नसलेल्यांना व्हायवॅक्स होत नाही हे लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं. इथे माझी आणखी एक चूक आहे, तुमच्या नजरेतून निसटलेली. मी ‘पूर्ण संरक्षण’ लिहिलं होतं. २०१० मध्ये मादागास्करमध्ये डफी-निगेटिव्ह, म्हणजे लाल पेशींवर डफी नसलेल्या, लोकांतही व्हायवॅक्स आढळला. तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द काढते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘मी ओ पॉझिटिव्ह, मग डफी तपासून घेऊ का?’ नको, सर, पैसे वाया जातील. ज्याला आयुष्यभर रक्त लागणार आहे, त्याची ही तपासणी पहिली पिशवी लावण्याआधी करून ठेवावी. नंतर रक्तात दात्यांच्या पेशी मिसळतात आणि कुणाचं काय ते कळेनासं होतं.

मूळ लेखातली तिन्ही वाक्यं दुरुस्त केली आहेत. जुनी खोडून तिथेच ठेवलीत, नाहीतर तुम्ही कशावर रागावला होतात ते कुणाला कळायचं नाही.